दियत, आकिला आणि मोटार अपघाताचा दावा

अपघातानंतर मिळणाऱ्या पैशाला आपल्या घरांत दोन नावे आहेत. कोर्टाच्या कागदावर ती 'नुकसानभरपाई' असते. घरातल्या बोलण्यात मात्र तो 'खून का पैसा' होतो. हे दुसरे नाव साधे नाही. त्याच्यामुळे कितीतरी दावे दाखलच होत नाहीत. ट्रकमालकाचा माणूस मय्यतीच्या चौथ्या दिवशी येतो, हळू आवाजात बोलतो, थोडी रक्कम पुढे करतो आणि स्टँपपेपरवर सही मागतो. घरातला एखादा बुजुर्ग म्हणतो, जाने वाला चला गया, अल्लाह की मर्जी, कोर्टकचेरी कशाला? सही होते. विधवेला कुणी विचारत नाही.

यात शरियतचा हवाला दिला जातो, म्हणून हा लेख. गेलेल्या जिवाच्या बदल्यात वारसांना रक्कम मिळणे ही गोष्ट आपल्याकडे इंग्रजांच्या कायद्याने किंवा विमा कंपन्यांनी आणलेली नाही. इंग्रजांच्या कायद्यात ती नव्हती, आपल्या फिकहमध्ये मात्र होती.

कुराणातल्या सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा हुकूम आहे. त्यात कफ्फारा आहे, आणि मृताच्या घरच्यांना द्यायची दियतही आहे. घरच्यांनी ती माफ केली तर गोष्ट वेगळी, पण माफ करण्याचा हक्क त्यांचा. मोहल्ल्यातल्या बुजुर्गाचा नाही आणि ट्रकमालकाच्या माणसाचा तर नाहीच. फुकहांनी या हुकमावरून बारीक हिशेब बांधला. पूर्ण दियत शंभर उंट, किंवा एक हजार दीनार. हनफी मताप्रमाणे चांदीत दहा हजार दिरहम. ती एकदम नव्हे, तीन वर्षांत फेडायची.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती 'आकिला' ही कल्पना. चुकून हत्या झाली तर दियतीचा बोजा एकट्या गुन्हेगारावर टाकत नसत. त्याचा आकिला, म्हणजे त्याच्या पाठीशी उभा राहणारा समूह, थोडी थोडी वर्गणी करून ती फेडत असे. सुरुवातीला हा समूह म्हणजे कबिला. हजरत उमर यांच्या काळात लष्कराची नोंदवही, म्हणजे दीवान, तयार झाली, तेव्हा एका दीवानात नाव असलेले लोक एकमेकांचे आकिला ठरले. हनफी फिकहने हाच बदल पुढे चालवला. रक्ताच्या नात्याची जागा एकत्र कामाच्या नात्याने घेतली. जाणूनबुजून केलेल्या खुनाला मात्र आकिला जबाबदार नव्हता.

एकाच्या हातून चूक होते, अनेकांच्या वर्गणीतून तिची भरपाई होते, आणि ज्याचे घर उद्ध्वस्त झाले त्याला देणेकऱ्याची ऐपत बघत बसावे लागत नाही. मोटारीचा थर्ड पार्टी विमा याहून वेगळे काय करतो? हा प्रश्न माझ्या आधी मोठ्यांनी विचारला आहे. सीरियाचे फकीह मुस्तफा जर्का यांनी १९६१ मध्ये दमास्कसच्या परिषदेत विम्याच्या बाजूने बोलताना आकिलाचाच दाखला दिला होता. पुष्कळ उलेमांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. विम्यातला व्याज आणि अनिश्चिततेचा मुद्दा खोटा नाही. पण तो वाद विमा उतरवणाऱ्याचा आहे. रस्त्यावर जीव गेलेल्या माणसाच्या बायकोने तर कुठलाही करार केलेला नसतो. ती फक्त आपले नुकसान मागत असते.

आता इंग्रजांकडे वळू. १८०८ मध्ये इंग्लंडमध्ये एक घोडागाडी उलटली. एका माणसाची बायको जखमी झाली आणि काही दिवसांनी वारली. नवऱ्याने दावा लावला. न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी ज्युरीला सांगितले, की दिवाणी न्यायालयात माणसाच्या मृत्यूबद्दल तक्रारच करता येत नाही. नवऱ्याला त्याच्या स्वतःच्या मुक्या माराबद्दल आणि बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांच्या सहवासाबद्दल काय ते पैसे मिळाले. थोडक्यात, माणसाला जखमी करणे महाग होते आणि मारून टाकणे स्वस्त.

रेल्वे आली तेव्हा हे टिकेना. माणसे मोठ्या संख्येने मरू लागली आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. पती, पत्नी, आईबाप आणि मुले यांना प्रथमच दाव्याचा हक्क मिळाला.

आपल्याकडे याच काळात उलटे घडत होते. कंपनी सरकार फौजदारी न्यायातून इस्लामी कायदा हळूहळू काढून टाकत होते. बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने १७९० नंतर वारसांचा माफीचा हक्क काढला. दियतीच्या जागी तुरुंगवास आला. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने जुनी व्यवस्था पुसली. दियत कठोर, जुनाट, न्यायाला पैशात मोजणारी म्हणून गेली. तिच्यावरच्या टीकेत तथ्यही होते, कारण श्रीमंत खुनी पैसे फेकून सुटू शके. पण तिच्याबरोबर वारसांच्या हाती येणारी रक्कमही गेली आणि तिच्या जागी काही आले नाही. शिक्षा सरकारने घेतली आणि विधवा मोकळ्या हाताने घरी गेली. १८५५ च्या घातक अपघात कायद्याच्या प्रस्तावनेतच कबुली आहे, की दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर कोणत्याही न्यायालयात दावा चालत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली १८५३ मध्ये, आणि हा कायदा आला त्यानंतर दोनच वर्षांनी. हा योगायोग मला वाटत नाही.

१८५५ चा कायदा इंग्लंडच्या कायद्याची नक्कल होता, म्हणून त्यातले कुटुंबही इंग्रजी होते. पती, पत्नी, आईबाप, मुले, बस्स. भाऊ नाही, बहीण नाही. थोरल्या भावाच्या कमाईवर शिकणारी धाकटी भावंडे आणि भावाच्या घरी राहणारी विधवा बहीण या कायद्याला दिसत नव्हती. ही चूक सुधारायला १९८७ उजाडले. गुजरातच्या एस.टी. बसने मारलेल्या मुलाच्या भावांना भरपाई द्यायची का, असा प्रश्न होता. न्या. ई. एस. वेंकटरामय्या यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भारतीय कुटुंब म्हणजे भाऊ, बहिणी आणि कधी सांभाळलेली मुलेसुद्धा. मोटार कायद्यातला 'कायदेशीर प्रतिनिधी' हा शब्द १८५५ च्या चौकटीत कोंबता येणार नाही.

मोटारीचा स्वतंत्र कायदा १९१४ मध्ये झाला, पण तो परवाने आणि नोंदणीपुरता. १९३९ च्या कायद्याने तिसऱ्या व्यक्तीसाठी विमा सक्तीचा केला आणि ते प्रकरण प्रत्यक्षात लागू झाले १ जुलै १९४६ ला. मग १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणे आली, ज्यांना आपण 'एमएसीटी कोर्ट' म्हणतो. दिवाणी दाव्याची भली मोठी कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांची रखडपट्टी टळावी हा हेतू. तरी १९७९ मध्ये हरियाणा सरकार, आपल्याच एस.टी. बसखाली चिरडलेल्या कमावत्या माणसाच्या विधवेने आणि मुलीने आधी कोर्ट फी भरावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारला चांगलेच खडसावले.

खरा अडथळा मात्र फीचा नव्हता. चालकाची चूक सिद्ध कोण करणार, हा होता. रात्रीच्या हायवेवर साक्षीदार कुठून आणायचा? मुंबईच्या एका अपघातात उच्च न्यायालयाने म्हटले होते, की चूक सिद्ध करायची गरज नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मत खोडून काढले: चूक नाही तर भरपाई नाही. विधी आयोगाने १९८० मध्ये आपल्या ८५ व्या अहवालात यावर बोट ठेवले आणि १ ऑक्टोबर १९८२ पासून कायद्यात नवे कलम आले. चूक कुणाचीही असो, मृत्यूला १५ हजार रुपये, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. धडक देऊन पळालेल्या, कधीच न सापडलेल्या गाडीसाठीही निधी झाला: मृत्यूला ५ हजार, गंभीर दुखापतीला १ हजार. रक्कम अगदीच किरकोळ. पण तत्त्व मोठे होते, आणि ते ओळखीचे होते. चुकून झालेल्या हत्येतही दियत द्यावीच लागते, कारण प्रश्न मारणाऱ्याच्या मनाचा नसतो, मागे राहिलेल्यांच्या पोटाचा असतो.

पुढे १९८८ चा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला. तिसऱ्या व्यक्तीच्या मृत्यू आणि दुखापतीसाठी विमा कंपनीच्या जबाबदारीला असलेली वरची मर्यादा गेली. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी दोन मोठ्या गोष्टी केल्या. दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येऊ लागला. धुळ्याच्या क्लीनरचा अपघात मध्य प्रदेशात झाला तरी त्याच्या आईला तिकडे हेलपाटे घालायची गरज उरली नाही. आणि सहा महिन्यांची मुदत पूर्ण काढून टाकली गेली. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

इथून पुढे प्रश्न बदलतो. 'द्यायचे का' हे ठरले. 'किती' ते उरले. इथे दियत आणि आजचा कायदा यांच्या वाटा अगदी वेगळ्या होतात. दियत सपाट होती. हमालाची आणि सराफाची सारखीच. हनफी मतात जिम्मीची, म्हणजे राज्यातल्या गैरमुस्लिमाचीही मुसलमानाइतकीच. आजचे न्यायाधिकरण आधी कमाई विचारते. २००९ मध्ये न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या निकालाने गुणकांचा तक्ता पक्का केला: वय १५ ते २५ असेल तर १८, मग वयाप्रमाणे उतरत पासष्टीनंतर ५. २०१७ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने भविष्यातल्या वाढीचे टक्के ठरवले.

हिशेब करून पाहू. समजा मालेगावचा ३२ वर्षांचा यंत्रमाग कामगार, महिना १५ हजार. मागे बायको, दोन मुले, आई. वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतःच्या हातावर पोट असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसासाठी ४० टक्के वाढ धरायची: २ लाख ५२ हजार. चार जण अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: १ लाख ८९ हजार. वयाप्रमाणे गुणक १६. झाले ३० लाख २४ हजार. अंत्यविधी, सहवास वगैरेंची ठरलेली रक्कम याशिवाय. आता याच माणसाकडे पगाराचा एकही कागद नाही, आणि न्यायाधिकरणाने कमाई ८ हजार धरली, तर तोच हिशेब १६ लाख १२ हजार ८०० वर येतो. माणूस तोच, घर तेच. फरक फक्त सेठने दिलेल्या किंवा न दिलेल्या चिठ्ठीचा. मजुरी रोख घेणाऱ्या, बँकेत खाते असून त्यात काही न ठेवणाऱ्या आपल्या वस्त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

जखमांचा हिशेब तर आणखी मजेशीर इतिहास सांगतो. फिकहमध्ये प्रत्येक बोटाची दियत दहा उंट. अंगठा आणि करंगळी सारखीच. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात मात्र बोटांना दर्जे लागले: अंगठा गेला तर कमाईचे नुकसान ३० टक्के, पूर्ण तर्जनीला १४, करंगळीला ७. पुढे अपघाताचे दावे याच चालीने जाऊ लागले. डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर चाळीस टक्के लिहिले की कमाईही चाळीस टक्के बुडाली, असे मानून गणित संपवायचे. २०१० मध्ये न्या. रवींद्रन यांनीच ही चाल मोडली. त्यांनी दिलेले उदाहरण सोपे आहे. डावा हात गेला. माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. मग कमाईची नाही, तर जगण्यातल्या सुखाच्या नुकसानीची भरपाई जास्त धरायची. म्हणून जखमी माणसाने न्यायाधिकरणासमोर केवळ टक्केवारीचा कागद ठेवून भागत नाही. त्या हाताने तो काय काम करत होता, हे सांगावे लागते.

आणि बाई? इथे दोन्ही परंपरांना मान खाली घालावी लागेल. चारही मजहबांच्या जुन्या फिकहमध्ये स्त्रीची दियत पुरुषाच्या निम्मी होती. आधुनिक कायद्याने काय केले? १९९४ च्या परिशिष्टात न कमावणाऱ्या माणसाचे कल्पित उत्पन्न वर्षाला १५ हजार धरले, गृहिणीचे नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश. आणि हे परिशिष्ट २०१८ पर्यंत तसेच राहिले. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर 'अनुत्पादक' रकान्यात बसवले होते. २०१० च्या एका निकालात न्या. ए. के. गांगुली यांनी ही गोष्ट उघड्यावर आणली. २०२१ च्या निकालात न्या. एन. व्ही. रमणा यांनी सरकारी पाहणीचाच आकडा दिला: बायका घरातल्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७. गृहिणीचे उत्पन्न धरलेच पाहिजे आणि त्यात भविष्यातली वाढही धरली पाहिजे, हे आता ठरलेले आहे.

आपल्या परंपरेतलाही एक प्रसंग इथे सांगायला हवा. हजरत उमर यांचे आधी मत होते, की नवऱ्याच्या दियतीत बायकोचा वाटा नाही. दियत फेडतात ते कबिल्याचे पुरुष, म्हणून ती त्यांच्यातच फिरावी. तेव्हा दह्हाक बिन सुफियान यांनी त्यांना कळवले, की अश्यम दिबाबी यांच्या पत्नीला नवऱ्याच्या दियतीत वारसा द्यावा, असे प्रेषितांनी मला लेखी कळवले होते. खलिफांनी आपले मत सोडले. जे दीर आणि सासरे आज 'ये हमारे बेटे का पैसा है' म्हणत चेक आपल्या खात्यात वळवू पाहतात, त्यांनी ही हदीस ऐकलेली दिसत नाही. न्यायाधिकरण तर रक्कम कोण कुणावर अवलंबून होते ते पाहून वाटते. विधवेच्या आणि अज्ञान मुलांच्या नावावर ठेव करून देते. तिने दुसरा निकाह केला म्हणून तिचा हक्क जात नाही, असेही मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता ती मुदतीची गोष्ट. २०१९ च्या दुरुस्तीतली भरपाईची कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. चूक कुणाचीही असली तरी मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. सगळ्यांना सारखे, म्हणजे एका अर्थाने सपाट दियतच परत आली. पळून गेलेल्या गाडीसाठी मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. पण ५ लाखांची ही रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की कमाईवर आधारलेला मोठा दावा संपतो. वरचा कामगाराचा हिशेब आठवा आणि सही करण्याआधी वकिलाला विचारा. आणि याच दुरुस्तीने, १९९४ मध्ये काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत परत आणली.

सहा महिने म्हणजे किती? आपल्या घरात विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. तिचे दुःख, शेजारपाजाऱ्यांची नजर, 'अभी बाहर मत निकलो' यात ते दिवस जातात, आणि इद्दत संपते तेव्हा हातात जेमतेम पन्नास दिवस उरतात. एफआयआरची नक्कल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीच्या विम्याचे कागद, सगळे त्यातच गोळा करायचे. खरे तर हनफी फिकहनेही विधवेला गरजेसाठी दिवसा घराबाहेर पडायची मुभा दिली आहे, कारण तिचा खर्च चालवणारा उरलेला नसतो. वकीलपत्रावरची सही तर घरात बसूनही होते.

या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की तोवर केवळ मुदत उलटली म्हणून न्यायाधिकरणांनी दावे फेटाळू नयेत. शिवाय २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि त्यांचा सविस्तर अहवाल हाच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. तुमच्या ओळखीत असा अपघात झाला असेल, तर पोलीस ठाण्यात जाऊन एवढेच विचारा: अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का, आणि त्यात विधवेचे नाव आहे का?